शिडाच्या बोटीला पाण्याचा रेटा

शिडाची बोट खुल्या समुद्रात चालवणे आणि तीच बोट बंदरातल्या चिंचोळ्या जागेत आणून बांधणे या दोन वेगवेगळ्या विद्या आहेत. वाऱ्यावर चालताना बोटीला वेग असतो, सुकाणूवरून पाणी वाहत असते आणि म्हणूनच सुकाणू बोट वळवू शकते. धक्क्याजवळ मात्र वेग जवळजवळ शून्यावर आणावा लागतो आणि त्याबरोबर सुकाणूचा अंमलही संपतो. त्यातच आधुनिक शिडाच्या बोटीची घडण अशी, की तिच्या तळाखाली मध्यभागी कील, म्हणजे शिसे किंवा बीड ओतून केलेला जड आणि खोल कणा असतो, तर नाळ, म्हणजे पुढचा निमुळता भाग, हलका, पाण्यात उथळ आणि पाण्याबाहेर उंच असतो. बाजूने वारा आला की बोट या कीलभोवती फिरते आणि नाळ वाऱ्याबरोबर वाहवत जाते. इंजिन उलटे चालवून बोट मागे घ्यावी, तर प्रोपेलरच्या फिरण्याच्या दिशेनुसार तिची मागची बाजू कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढली जाते. नेदरलँड्समध्ये आणि बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर बोट पुढे धक्का आणि मागे पाण्यात रोवलेले दोन खांब अशा चौकटीत घालावी लागते, तर भूमध्य समुद्राच्या बंदरांत दोन बोटींच्या फटीत उलटे शिरून मागची बाजू धक्क्याला लावण्याची रीत आहे. अशा ठिकाणी बोटीवर दोनच माणसे असली, आणि निवृत्तीनंतर समुद्रावर फिरणाऱ्या जोडप्यांच्या बोटींवर ती तेवढीच असतात, तर नाळ हवी तिकडे ढकलणारे एखादे साधन असावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

या साधनाला बो थ्रस्टर म्हणतात. त्याच्या सर्वांत रूढ प्रकारात नाळेच्या तळातून आडवा, आरपार बोगदा काढून त्यात विजेवर फिरणारा प्रोपेलर बसवतात. तो एका दिशेला फिरला की पाणी उजवीकडे फेकले जाते आणि नाळ डावीकडे सरकते, उलटा फिरला की याच्या उलट घडते. मोटरबोटींमध्ये ही व्यवस्था उत्तम चालते. शिडाच्या बोटीत मात्र अडचण जागेची येते, कारण बोगद्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागाखाली निदान अर्ध्या ते एका व्यासाइतका खोल असावा लागतो, नाहीतर प्रोपेलर वरून हवा ओढून घेतो आणि पाण्याऐवजी फेस ढवळत राहतो. गेल्या काही दशकांतल्या वेगवान बोटींचा तळ नाळेखाली सपाट आणि उथळ ठेवलेला असतो आणि अशा तळात १८५ मिलिमीटर व्यासाच्या बोगद्याला पुरेशी खोली मिळत नाही. मिळाली तरी बोगद्याची दोन मोठी तोंडे शिडावर चालताना पाण्याला अडथळा करतात. तळातून खाली उतरणारे आणि काम झाल्यावर आत घेता येणारे थ्रस्टर या अडचणीवर उपाय म्हणून निघाले, परंतु त्यांना मोठी जागा लागते, तळाला मोठे भगदाड पाडावे लागते आणि त्यांची यंत्रणाही गुंतागुंतीची असते.

जलझोताचा थ्रस्टर ही याच प्रश्नाची निराळी सोडवणूक आहे. यात बोटीच्या बाहेरून दिसेल असा फिरता भाग नसतो. बोटीच्या तळाला एक जाळीदार तोंड ठेवून त्यातून समुद्राचे पाणी आत घेतात, विजेवर चालणारा केंद्रोत्सारी पंप, म्हणजे पात्यांचे चाक वेगाने फिरवून पाणी बाहेरच्या दिशेने फेकणारा पंप, त्या पाण्याला दाब देतो, दिशा बदलणारी एक झडप ते डाव्या किंवा उजव्या नळीत सोडते आणि नाळेच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या लहान तोट्यांपैकी एकीतून ते झोताच्या रूपाने बाहेर पडते. पाणी एका बाजूला फेकले की बोट दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा अनुभव अग्निशामक दलाची नळी हातात धरणाऱ्या प्रत्येक जवानाला येतो, कारण पाण्याचा फवारा पुढे जात असतो आणि नळी त्याला मागे रेटत असते.

जलझोताने नाव चालवण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये टूगुड आणि हेज यांनी १६६१ मध्येच या प्रकारच्या चालनेचे पेटंट घेतले होते, आणि अमेरिकेत जेम्स रम्झी यांनी ३ डिसेंबर १७८७ रोजी शेफर्ड्सटाउन गावाजवळ पोटोमॅक नदीत वाफेच्या पंपाने पाणी मागे फेकणारी नाव प्रवाहाविरुद्ध चालवून दाखवली होती. या तंत्राला खरा व्यवहारी आकार दिला तो न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी, १९५० च्या दशकात. दक्षिण बेटावरच्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांत प्रोपेलर टिकत नसे, म्हणून ते या मार्गाकडे वळले; सुरुवातीच्या यंत्रात झोत पाण्याखाली सोडला जात असे, पण तो पाण्याच्या पातळीच्या किंचित वर सोडल्यावर नाव अधिक वेगाने धावते हे त्यांना दिसून आले. १९६० मध्ये त्यांच्या नावा कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध ग्रँड कॅन्यनमधून वर चढल्या. भारतीय नौदलाच्या कार निकोबार वर्गातील वेगवान नौकांची मुख्य चालनाही जलझोताचीच आहे. हॅमिल्टन यांच्या त्या निरीक्षणाचा थ्रस्टरशी सरळ संबंध आहे. रेटा निर्माण होतो तो पाण्याला दिलेल्या वेगातून, बाहेरच्या पाण्यावर झोत आपटल्यामुळे नव्हे. म्हणून तोटी पाणरेषेच्या, म्हणजे बोट तरंगताना पाणी जिथवर येते त्या रेषेच्या, जेमतेम खाली असली तरी काम होते आणि बोगद्याला लागणारी खोली तिला लागत नाही.

आता या व्यवस्थेची किंमत पाहिली पाहिजे, कारण विक्रीच्या माहितीपत्रकांत ती क्वचितच मोकळेपणाने सांगितली जाते. समजा, ३० किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन रेटा हवा आहे आणि तोटीचे तोंड ४० मिलिमीटर व्यासाचे आहे. हिशेब केला तर त्या तोंडातून दर सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी १५ मीटर प्रतिसेकंदापेक्षा थोड्या अधिक वेगाने बाहेर पडावे लागते आणि झोताला नुसता तो वेग देण्यासाठीच सुमारे २.३ किलोवॅट शक्ती लागते. तेवढाच रेटा १८५ मिलिमीटरच्या बोगद्यातून मिळवायचा तर पाण्याला जेमतेम ३.३ मीटर प्रतिसेकंद वेग पुरतो आणि आदर्श स्थितीत अर्ध्या किलोवॅट शक्तीत भागते. रेटा तेवढाच ठेवून तोंडाचा व्यास जितक्या पटीने लहान करावा तितक्या पटीने शक्ती अधिक लागते, असा हा सरळ नियम आहे. पुष्कळ पाणी हळू ढकलणे नेहमीच स्वस्त पडते आणि थोडे पाणी जोरात फेकणे महाग. पंपात, मोटरीत आणि नळ्यांत होणारी घट धरली तर वरच्या उदाहरणात बॅटरीतून साडेचार ते पाच किलोवॅट घ्यावे लागतील, म्हणजे १२ व्होल्टच्या व्यवस्थेत ४०० अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक विद्युतप्रवाह वाहील. लहान भोकाची सोय विजेच्या खर्चाने विकत घेतलेली असते, ही गोष्ट हा थ्रस्टर बसवणाऱ्याने अगदी आरंभीच मनाशी पक्की करावी.

३० किलोग्रॅमचा रेटा पुरेसा आहे की नाही, हे वाऱ्यावर ठरते. ११ मीटर लांबीच्या बोटीचे कवच, केबिन, डोलकाठी आणि दोर मिळून बाजूने वाऱ्याला साधारण १७ चौरस मीटर क्षेत्र मिळते असे धरले, तर १५ नॉटच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ६३ किलोग्रॅम वजनाइतका आडवा जोर येतो. नाळेला बसवलेल्या थ्रस्टरने त्यातला ढोबळमानाने अर्धा पेलला तरी बोट ताब्यात राहते. पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे २० नॉटला हाच आकडा ११० किलोग्रॅमच्या पुढे जातो आणि ३० किलोग्रॅमचा थ्रस्टर तोकडा पडतो. येथे तोटीच्या जागेला महत्त्व येते. नाळ फिरते ती रेटा आणि कीलपासूनचे अंतर यांच्या गुणाकाराने. बोगदा कीलपासून ४ मीटरवर बसत असेल आणि लहान तोटी तिथून पुढे ४.५ मीटरवर नेता येत असेल, तर तोच रेटा साडेबारा टक्के अधिक परिणाम करतो.

जलझोताच्या बाजूने याहून मोठा मुद्दा वजनाचा आहे. शिडाच्या बोटीच्या टोकांना वजन ठेवणे म्हणजे तिची चाल बिघडवणे. जड नाळ लाटेत घुसते, वर यायला वेळ लावते आणि बोट डुलत राहते. बोगद्याच्या थ्रस्टरची मोटर नाळेतच असावी लागते आणि लांब तारा टाळण्यासाठी पुष्कळदा त्याची बॅटरीही तिथेच ठेवली जाते. जलझोताचा पंप मात्र मध्यभागी, कीलजवळ आणि मुख्य बॅटऱ्यांच्या शेजारी ठेवता येतो, नाळेत फक्त नळ्या आणि तोट्या जातात, शिवाय पंप एकच असूनही झडपा वाढवून नाळ आणि पिछाडी अशा दोन्ही ठिकाणी झोत सोडता येतात. नळ्यांत साचलेले पाणी हे वजनच असते, हे मात्र विसरून चालत नाही: ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला साडेचार लिटरच्या जवळपास पाणी मावते.

प्रत्यक्ष बसवण्याच्या कामात पंपापेक्षा नळी, तार आणि कवचातली भोके या तीन गोष्टींवर यश अवलंबून असते. नळीचा व्यास कमी घेण्याचा मोह होतो, कारण पलंगाखालच्या कप्प्यांतून आणि आडव्या भिंतींतून जाड नळी ओढणे जिकिरीचे असते. पण घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते; ७५ मिलिमीटरच्या जागी ५० मिलिमीटरची नळी टाकली तर ती घट सुमारे साडेसात पट होते आणि पाच मीटरच्या नळीतच पंपाच्या दाबाचा मोठा वाटा मुरून जातो. काटकोनी वळणांऐवजी रुंद वळणे घ्यावीत, ओढ घेणारी नळी आतून तारेचे वेटोळे घातलेली, न पिचणारी असावी आणि प्रत्येक जोडाला समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या पोलादाचे दोन-दोन पट्टे असावेत. केंद्रोत्सारी पंप स्वतः हवा ओढून पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून तो पाणरेषेखालीच बसवावा लागतो, आणि बोट दुरुस्तीनंतर पुन्हा पाण्यात उतरवल्यावर नळ्यांतली हवा काढून टाकावी लागते.

कवचाला भोक पाडण्याचे काम पाण्याबाहेर, गोदीत उभ्या केलेल्या बोटीवर होते. आतून प्रथम ६ मिलिमीटरचे मार्गदर्शक भोक पाडतात, बाहेर जाऊन ते दोन्ही अंगांना सारख्या उंचीवर आणि सारख्या अंतरावर आले आहे का हे मोजतात आणि मगच गोल करवतीने मोठे भोक कापतात. कापून निघालेली चकती फेकून देऊ नये. तिच्या कडेवर फायबरचे थर मोजता येतात, भिंतीची जाडी कळते आणि आत ओल शिरली आहे का हेही दिसते. तेवढ्या जागेपुरता बोटीच्या प्रकृतीचा हा विश्वसनीय पुरावा असतो. काही बोटींच्या भिंतीत फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा फोम भरलेला असतो. अशा ठिकाणी भोकाच्या कडेचा तो गाभा थोडा आत कोरून काढून तिथे घट्ट केलेली इपॉक्सी राळ भरावी लागते, नाहीतर पाणी गाभ्यात झिरपते आणि बाल्सा आतल्या आत कुजत जातो. तोटी बसवल्यावर तिच्याभोवती काचतंतूंचे थर चढवायचे असतात. त्यासाठी भिंत जाडीच्या बारा पट अंतरापर्यंत उतरती घासून घेण्याची रीत आहे, म्हणजे ६ मिलिमीटर जाड भिंतीत भोकाभोवती सुमारे ७२ मिलिमीटरचा उतार तयार होतो. बोट मुळात पॉलिएस्टरची असली तरी हे थर इपॉक्सीचे असावेत, कारण जुन्या, वाळलेल्या पृष्ठभागाला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी अधिक घट्ट धरतो.

तोटीचा कोन हा घाईत सर्वाधिक चुकणारा तपशील आहे. नाळेकडे कवचाची भिंत आत वळत जाते. तोटी भिंतीला काटकोनात बसवली तर झोत बोटीच्या मध्यरेषेला काटकोनात न जाता तिरका, पुढच्या दिशेला जातो. २० अंशांच्या तिरकेपणात उपयोगी रेट्यातले ६ टक्के वाया जातात, ३० अंशांत १३ टक्के. शिवाय झोताचा पुढच्या दिशेला जाणारा घटक बोटीला मागे ढकलू लागतो. म्हणून तोटी भिंतीशी तिरकी पण मध्यरेषेशी काटकोनात बसवून बाहेरचे टोक कवचाशी सपाट घासून घेतात. ओढ घेणारे तोंड इंजिनच्या थंडाव्याचे पाणी घेणाऱ्या तोंडापासून दूर ठेवावे.

सुरक्षिततेचा विचार येथे गौण मानता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर १०० मिलिमीटरचे तोंड उघडे पडले, तर त्यातून मिनिटाला जवळजवळ ९०० लिटर पाणी बोटीत शिरते. ४० मिलिमीटरच्या तोटीची नळी ३० सेंटिमीटर खोलीवर निसटली तरी मिनिटाला शंभर लिटरहून अधिक. बोटीवर सर्रास बसवले जाणारे विजेचे पंप पहिल्या प्रकारच्या गळतीपुढे टिकत नाहीत. म्हणून ओढ घेणाऱ्या तोंडावर हाताने बंद करता येणारा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, तो एका हाताने पोहोचता येईल अशा जागी असला पाहिजे आणि तो साध्या पितळेचा नसून कांशाचा किंवा समुद्रासाठी बनवलेल्या मिश्र प्लॅस्टिकचा असला पाहिजे. साध्या पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि वरून धडधाकट दिसणारा व्हॉल्व्ह एक दिवस हातात तुटून येतो. अशा जोडांसाठी आयएसओ ९०९३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि साहित्य घेताना त्याचा शिक्का पाहणे शहाणपणाचे ठरते.

विजेच्या तारेचा हिशेब नळीसारखाच निर्दय आहे. बॅटरीपासून पंपापर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार असेल आणि प्रवाह ४०० अँपिअरचा असेल, तर ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत २ व्होल्ट गळून जातात. १२ व्होल्टमधला सहावा हिस्सा नुसती तार तापवण्यात जातो आणि मोटर दमून चालते. ९५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट पाऊण व्होल्टवर येते. पंप बॅटरीजवळ ठेवणे किंवा २४ व्होल्टची व्यवस्था निवडून प्रवाह निम्मा करणे, हे दोन्ही उपाय तार जाड करण्याइतकेच गुणकारी आहेत. बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज आणि मुख्य स्विच असावा. कार्बन ब्रशच्या मोटरीत ठिणग्या पडतात, म्हणून ती पेट्रोलची टाकी किंवा स्वयंपाकाचा गॅस ठेवलेल्या कप्प्यात कदापि बसवू नये. एकंदर ऊर्जा मात्र वाटते तितकी लागत नाही: ४०० अँपिअरने एक मिनिट चालवले तरी बॅटरीतून सात अँपिअर-तासांहून कमीच खर्च होतो आणि अशा मोटरी सलग काही मिनिटेच चालवायच्या असल्यामुळे प्रश्न साठ्याचा नसून एकदम मोठा प्रवाह देण्याच्या क्षमतेचा असतो.

बोट पाण्यात उतरवल्यावर पहिले काम प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहण्याचे, आणि दुसरे पंप चालू असताना मोटरीच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजण्याचे. तो अपेक्षेपेक्षा फार खाली गेला तर दोष बहुधा तारेत किंवा जोडांत असतो. पुढची देखभाल समुद्रावर अवलंबून आहे. उत्तर युरोपात हिवाळ्यापूर्वी नळ्यांतले पाणी काढावे लागते, नाहीतर ते गोठून पंपाचे कवच फुटते. उष्ण समुद्रात बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव तोट्यांत आणि जाळीवर घर करतात, आणि ४० मिलिमीटरच्या तोंडात ५ मिलिमीटरचा थर बसला तरी तोंडाचे क्षेत्र ४० टक्क्यांहून अधिक घटते.

याच कारणासाठी आपल्या किनाऱ्यावर या साधनाचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शिडाच्या बोटी बोयांना बांधून ठेवलेल्या असतात, माणसे लहान होडीतून त्यांच्यापर्यंत जातात आणि बोयाला बांधलेली बोट वारा-भरतीबरोबर आपोआप फिरत राहते. तिथे बाजूने ढकलणाऱ्या यंत्राला जवळजवळ कामच नाही, उलट गाळाने भरलेले पाणी पंप झिजवते आणि स्थिर तोट्यांत जीव वाढत जातात. कोचीच्या बोळगट्टी बेटावरच्या मरीनासारख्या, तरंगत्या धक्क्यांच्या ठिकाणी बोट ठेवणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ज्या बोटीच्या नाळेत बोगद्याला खोली नाही, जिच्या मालकाला शिडावरची चाल बिघडू द्यायची नाही आणि जी नेहमी अरुंद धक्क्यावर बांधली जाते, तिच्यासाठी जलझोत हा योग्य पर्याय आहे. ज्या बोटीत बोगदा सहज बसतो तिने तोच घ्यावा, कारण तेवढ्याच विजेत तो अधिक रेटा देतो. आणि निर्णय जलझोताचा झाला असेल, तर कवचाला पहिले भोक पाडण्याआधी पंपाची जागा निश्चित करून तिथपर्यंतची नळी आणि तार फुटपट्टीने मोजावी, आणि त्या लांबीत दाब आणि व्होल्टेज पुरत नसतील तर जागा बदलावी.